निम्मी थैली एकावर: पुणेरी पलटण, यू मुम्बा आणि संघ पुन्हा उभा करण्याचे गणित

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. त्याच लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूई या इराणी बचावपटूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. प्रत्येक संघाची एकूण थैली होती ५ कोटींची. दोन्ही संघांनी आपला जवळजवळ निम्मा पैसा एकेका माणसावर लावला होता. पुढे १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. टायटन्स बारा संघांत बारावे राहिले. २२ साखळी सामन्यांपैकी त्यांनी जिंकले फक्त दोन.

पवन कमी पडला म्हणून असे झाले, असे म्हणता येत नाही. देशातल्या सर्वोत्तम चढाईपटूंत त्याची गणना होते. मग सारख्याच थैलीतून, जवळपास सारख्याच प्रमाणात खर्च करून, एक संघ शिखरावर आणि दुसरा तळाला कसा जातो? याचे उत्तर लिलावाच्या दिवसात कमी आणि त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत जास्त सापडते. महाराष्ट्रातले दोन प्रतिस्पर्धी संघ, पुणेरी पलटण आणि यू मुम्बा, यांचा २०१४ पासूनचा प्रवास शेजारी ठेवून पाहिला की ते उलगडते.

उरलेल्या पैशाचा हिशेब

लीगमधला प्रत्येक संघ साधारण १८ ते २५ खेळाडू बाळगतो. शादलूईचे पैसे वजा केले तर पलटणकडे २ कोटी ६५ लाख उरतात. किमान १८ जणांचा संघ धरला तर ते १७ जणांत वाटायचे. सरासरी येते सुमारे साडेपंधरा लाख. पवननंतर टायटन्सकडे उरतात २ कोटी ३९ लाख ५० हजार. सरासरी चौदा लाखांच्या आसपास. फरक दीड लाखाचा. एवढ्याने कोणी पहिला आणि कोणी शेवटचा होत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की, चौदा-पंधरा लाखांत कोणाला कसली माणसे मिळाली?

बीड जिल्ह्यात ज्यांनी ऊसतोडीची टोळी बांधली जाताना पाहिली आहे, त्यांना हा हिशेब नवा नाही. कारखान्याकडून मुकादमाला ठरावीक रक्कम मिळते आणि त्यातून तो कोयत्यांना उचल देतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नावाजलेल्या जोडीला जास्त उचल दिली की बाकीच्यांच्या वाट्याला कमी येते, आणि ट्रक काही एका जोडीने भरत नाही. धारूर-केजकडची वर्षानुवर्षे बरोबर जाणारी, एकमेकांच्या हाताचा अंदाज असलेली माणसे टोळीत असली, तर वाढीव उचल देऊन घेतलेली जोडी सगळ्यांचे काम पुढे ओढते. ती नसतील, तर तीच तगडी जोडी फडात एकटी पडते. (साम्य एवढ्यापुरतेच. उचल हे अंगावरचे कर्ज असते, कबड्डीपटूला मिळते ते मानधन.)

पलटणकडे ही जुनी माणसे होती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे हे चढाई करणारे. संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन हे बचावातले. या सगळ्यांना लिलावाआधीच संघात कायम ठेवलेले होते. उघड्या बाजारात यांतल्या तिघा-चौघांसाठीसुद्धा मोठी बोली लागली असती. पलटणला ते स्वस्तात पडले, कारण ते तिच्याकडेच वाढले होते.

कबड्डीत एकट्या ताऱ्याचे हाल का होतात

क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर उभा राहून सामना काढून देऊ शकतो. कबड्डीचे नियम अशा एकहाती पराक्रमाला फारशी जागा देत नाहीत, आणि संघबांधणीचे बरेचसे तर्कशास्त्र या नियमांतूनच निघते.

सामना चाळीस मिनिटांचा, एक चढाई तीस सेकंदांची. चढाईपटू पकडला गेला की तो मैदानाबाहेर बसतो. त्याच्या साथीदारांनी प्रतिस्पर्ध्याचा एखादा गडी बाद करेपर्यंत त्याला आत येता येत नाही, आणि आधी बाद झालेला आधी आत येतो. नुसत्या बोनस गुणाने कोणी जिवंत होत नाही. म्हणजे अडीच कोटींचा खेळाडू बाकावर बसला असेल, तर त्याला परत मैदानात आणण्याची जबाबदारी दहा-पंधरा लाखांच्या खेळाडूंवर येते. त्यांना ते जमले नाही, तर सामन्याचा मोठा भाग तो खेळाडू बाहेरच काढतो. प्रतिस्पर्ध्यांनाही हे पक्के ठाऊक असते. ज्या संघात एकच चढाईपटू धोकादायक आहे, त्याच्याविरुद्धचा डाव सोपा असतो: त्या एकाला पकडा, मग बाकी सगळ्यांना बाद करून लोण द्या.

दुसऱ्या बाजूला, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हे तिसऱ्या चढाईचे काम दर वेळी मुख्य खेळाडूवर टाकणे धोक्याचे. त्यासाठी वेगळा, थंड डोक्याचा माणूस लागतो. चांगल्या संघात म्हणून तीन-चार चढाईपटू असतात आणि प्रत्येकाची ढब निराळी असते.

बचावाचे गणित आणखी नाजूक. सात जणांत दोघे कोपरारक्षक, दोघे मध्यरक्षक. कोपरारक्षक घोटा धरतो किंवा मांडीला मिठी घालतो. पण चढाईपटूचे हात मध्यरेषेकडे झेपावलेले असतात, आणि त्याच क्षणी मध्यरक्षकाची धडक बसली नाही तर पकड सुटते आणि एकाऐवजी दोन गडी बाद होतात. ही वेळ शब्दांनी सांगून साधत नाही. शेकडो वेळा एकत्र केलेल्या सरावातून ती अंगात भिनते. त्यामुळे बचावाची फळी मोडली तर ती पुढच्या लिलावात पैसे टाकून लगेच उभी राहत नाही.

नवव्या हंगामात, २०२२ साली, याचा जणू प्रयोगच झाला. तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले होते. हंगामातल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो संपूर्ण हंगामाला मुकला. संघ कोसळायला हवा होता. प्रत्यक्षात नरेंदर नावाच्या, पहिलाच हंगाम खेळणाऱ्या तरुणाने चढाईचे २४३ गुण मिळवले आणि थलायवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोचले. पुढच्या वर्षी पवन टायटन्सकडे पूर्ण हंगाम खेळला आणि संघ तळाला गेला. ताऱ्याशिवाय उपांत्य फेरी आणि ताऱ्यासह शेवटचा क्रमांक, या दोन निकालांमध्ये अंतर जेमतेम एका वर्षाचे आहे.

चौकट: खेळाडू संघात येतो कसा, राहतो कसा

*लिलाव:* मोकळे झालेले खेळाडू अ, ब, क, ड अशा गटांत येतात. प्रत्येक गटाची पायाभूत किंमत ठरलेली असते. दहाव्या हंगामात ती अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख होती.

*कायम ठेवणे:* लिलावाआधी संघ काही खेळाडू आपल्याकडे ठेवू शकतो. अनुभवी खेळाडू आणि तरुण खेळाडू यांच्यासाठी वेगवेगळे गट आणि वेगवेगळ्या मर्यादा असतात.

*नवे तरुण खेळाडू:* संघ निवड चाचण्या घेऊन नवोदितांना लिलावाबाहेरून ठरलेल्या मानधनावर करारबद्ध करू शकतात. चांगला निघालेला मुलगा त्यानंतरही काही काळ त्याच संघाच्या हाती राहतो. संघबांधणीतला सर्वांत स्वस्त मार्ग हाच.

*अंतिम बोलीची बरोबरी:* सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली त्याचा जुना संघ कार्ड दाखवून स्वीकारू शकतो. असे कार्ड मोजक्या वेळाच वापरता येते, आणि किंमत बाजाराचीच द्यावी लागते.

यू मुम्बा: आधी स्थैर्य, मग शोध, मग गळती

लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली तेव्हा सगळ्यांत सुघड संघ रॉनी स्क्रूवाला यांच्या मालकीच्या यू मुम्बाचा होता. कर्णधार अनुप कुमार. त्याच्या आजूबाजूला शब्बीर बापू आणि मुंबईचा रिशांक देवाडिगा हे चढाईला, आणि कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा व मोहित छिल्लर ही जोडी. पहिल्या हंगामात जयपूर पिंक पँथर्सकडून अंतिम सामन्यात पराभव, दुसऱ्यात बंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून विजेतेपद, तिसऱ्यात पाटणा पायरेट्सकडून अंतिम सामन्यात अवघ्या तीन गुणांनी हार. तीन हंगाम, तीन अंतिम सामने. त्या काळात मुंबईचे धोरण साधे होते: चांगला गाभा जमला आहे, तो हलवू नका.

गाभा हलला चौथ्या हंगामात. नाडा आणि मोहित छिल्लर दोघेही बंगळुरूला गेले. कोपरे रिकामे झाले आणि मुंबई प्रथमच उपांत्य फेरीबाहेर राहिली. पाठोपाठ २०१७ मध्ये लीगने संघ आठवरून बारा केले. प्रत्येक जुन्या संघाला एकच प्रमुख खेळाडू ठेवायची मुभा मिळाली. मुंबईने अनुपला ठेवले. निष्ठा म्हणून ते शोभून दिसले. संघबांधणी म्हणून मात्र त्यात भविष्य कमी होते, कारण अनुप तेव्हा कारकिर्दीच्या उताराला लागला होता. संघ पुन्हा बाहेर राहिला.

मग २०१८ च्या लिलावात मुंबईने पाटी पुसली. त्या वेळी थैली ४ कोटींची होती. त्यातले १ कोटी इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याच्यावर गेले. लीगमध्ये कोटीचा टप्पा गाठणारा तो पहिला परदेशी खेळाडू. आणि ३६ लाख ४० हजारांत घेतला कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई, ज्याने तोवर लीगमध्ये एकही सामना खेळला नव्हता. त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले. संघ पहिल्या झटक्यात प्लेऑफमध्ये गेला. एक महागडा, कसलेला कोपरारक्षक आणि त्याच्या आधाराने खेळणारा स्वस्त तरुण चढाईपटू: हे सूत्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण पाच वर्षांनी पुण्याने याच सूत्रावर विजेतेपद मिळवले.

मुंबईचे मात्र पुढच्याच वर्षी बिनसले. सिद्धार्थला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना नेले. (तिथेही त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि टायटन्स तरीही प्लेऑफपर्यंत पोचले नाहीत, टायटन्सचा हा छंद जुना आहे.) सातव्या हंगामात मुंबई बचावाच्या जोरावर उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि बंगाल वॉरियर्सकडून दोन गुणांनी हरली. त्या हंगामात मुंबईकडून लीगमध्ये पदार्पण करणारा एक तरुण होता अर्जुन देशवाल. पुढच्या लिलावात जयपूरने त्याला ९६ लाखांना घेतले. नवव्या हंगामात त्याने २९६ गुण काढून जयपूरला विजेतेपद मिळवून दिले, आणि त्याच विजेत्या संघात व्ही. अजित कुमार हा आणखी एक मुंबईचा जुना चढाईपटू होता.

यू मुम्बाची पारख कच्ची होती, असे या यादीकडे पाहून कोणी म्हणणार नाही. कबड्डी पाहणाऱ्या मंडळींत मुंबईच्या घसरणीचे खापर बहुधा प्रशिक्षक किंवा कर्णधारावर फोडले जाते. कागदावरचा हिशेब वेगळे सांगतो. हिरे सापडत होते, ते तिजोरीत राहत नव्हते. सापडलेला खेळाडू वर्षभरात महाग होऊन दुसरीकडे जाई आणि त्याची जागा भरण्यासाठी पुन्हा बाजारात जावे लागे. नवव्या हंगामात गुमान सिंगवर १ कोटी २१ लाख ५० हजार खर्च झाले ते याच चक्रातून. आठवा, नववा, दहावा, अशा सलग तीन हंगामांत मुंबई प्लेऑफबाहेर राहिली.

पुणेरी पलटण: तळातून, वळसे घेत

पलटणची गोष्ट सुरुवातीला बरोबर उलटी. पहिल्या दोन हंगामांत ती गुणतक्त्याच्या तळाशी होती. तिसऱ्या हंगामात मनजीत छिल्लरसारखा अष्टपैलू कर्णधार आणून संघ तिसऱ्या क्रमांकावर चढला, चौथ्यातही तिसरा आला. पण हा चढ विकतचा होता. सहाव्या हंगामात नितीन तोमरवर १ कोटी १५ लाख लावूनही संघ प्लेऑफबाहेर राहिला, आणि सातव्यात, जयपूरकडून खेळून निवृत्त झाल्यावर पुण्याचा प्रशिक्षक झालेल्या अनुप कुमारच्या हाताखाली, दहावा. पलटणला तरुणांची दृष्टी पहिल्या दिवसापासून होती असे आज सांगितले जाते, त्यात तथ्य कमी आहे. तारे विकत घेण्याचा रस्ता तिनेही पुरेसा चोखाळून पाहिला होता.

वळण दिसते ते सातव्या-आठव्या हंगामाच्या सुमारास. पंकज मोहिते सातव्यात आला. आठव्यात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नव्या मुलांना नुसते संघात न घेता मैदानात उतरवले गेले. संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावे असतानाही चढाया या पोरांच्या वाट्याला येऊ लागल्या. हा निर्णय दिसतो त्यापेक्षा अवघड असतो. नव्या मुलाला खेळवायचे म्हणजे त्याच्या चुकांचे गुण प्रतिस्पर्ध्याला द्यायचे, आणि तेही नावाजलेला खेळाडू बाकावर बसलेला असताना. ‘युवा पलटण’ या नावाने संघाने उभी केलेली तरुणांची फळी याच काळात फळ देऊ लागली.

नवव्या हंगामात प्रशिक्षक म्हणून बी. सी. रमेश आले, ज्यांच्या हाताखाली बंगालने सातवा हंगाम जिंकला होता. तरुण चढाईपटू तयार होते; उणीव होती ती कोपऱ्याची. पलटणने १ कोटी ३८ लाखांना घेतला फझल अत्राचली, तोच, ज्याच्याभोवती मुंबईने २०१८ मध्ये संघ बांधला होता. पलटण पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचली. उपांत्य फेरीत अस्लम आणि मोहित दोघेही नव्हते; तरी पंकज मोहितेच्या जोरावर थलायवाजला ३९-३७ हरवता आले. खोल संघ म्हणतात तो असा. अंतिम सामना जयपूरने ३३-२९ असा घेतला.

यानंतर पलटणने फझलला सोडले आणि कोपऱ्यावर शादलूईला आणले. वरवर पाहता हा उधळेपणा वाटतो. त्यामागचा विचार मात्र सुसंगत होता. अनुभवी कोपरारक्षक बाजारात मिळू शकतो आणि तो पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो, कारण त्याचे मूळ काम, पाय पकडणे, बरेचसे त्याच्या एकट्याच्या कौशल्यावर चालते. त्याला धडकेची साथ देणारे मध्यरक्षक आणि त्याने मिळवलेल्या गुणांवर पुन्हा आत येणारे चढाईपटू मात्र घरचे हवेत. दहाव्या हंगामात शादलूईने पकडीचे ९९ गुण मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच अव्वल चढाईत चार गुण आणून पारडे फिरवले. निम्मी थैली ज्याच्यावर गेली त्याच्याइतकेच काम स्वस्तातल्या खेळाडूंनी केले होते.

अमेरिकेतले संघ मुद्दाम का हरतात, आणि इथे ते का चालत नाही

संघ मोडून नव्याने बांधण्याचे शास्त्र सर्वांत पुढे गेले आहे ते अमेरिकी बेसबॉलमध्ये. तिथे नवोदित खेळाडूंची वार्षिक निवड होते आणि गेल्या हंगामात खाली राहिलेल्या संघाला आधी निवडण्याचा मान मिळतो. दुबळ्या संघाला हात देण्यासाठी केलेला हा नियम. त्यातून एक वाकडी वाट निघाली: मधल्या क्रमांकावर रेंगाळण्यापेक्षा अगदी तळाला गेलेले बरे. ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाने महागडे खेळाडू सोडून दिले आणि २०११ ते २०१३ या तीन हंगामांत, प्रत्येकी १६२ सामन्यांपैकी, अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने गमावले. २०१२ मध्ये पहिल्या निवडीचा हक्क वापरून त्यांनी कार्लोस कोरेया हा मुलगा घेतला. २०१७ साली ते विजेते झाले (त्या हंगामात त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याने चोरल्याचे पुढे सिद्ध झाले, ते प्रकरण वेगळे). शिकागो कब्जनी २०१२ मध्ये १०१ सामने गमावले, पुढच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीतून क्रिस ब्रायंट मिळवला आणि २०१६ मध्ये १०८ वर्षांनी विजेतेपद जिंकले. असे हरणारे संघ वाढले तेव्हा लीगने नियम बदलून वरच्या निवडींसाठी सोडत ठेवली.

प्रो कबड्डीत ही वाट बंद आहे. लिलावात तळाच्या संघाला आधी बोलण्याचा मान नाही. थैली पहिल्याची आणि बाराव्याची सारखीच. हरून काहीच हाती लागत नाही. करारही आखूड, एक-दोन हंगामांचे. त्यामुळे अमेरिकेत सहा-सात वर्षांचा असणारा पुनर्बांधणीचा काळ इथे दोन-तीन हंगामांत बसवावा लागतो, आणि तो बसवण्याचे एकच साधन उरते: तरुण खेळाडू लवकर ओळखणे आणि तो महाग होण्याआधी त्याच्याकडून काम काढून घेणे.

विजेता आठवा का होतो

या साधनाला मुदत असते. अकराव्या हंगामात, २०२४ च्या अखेरीस, पलटण आठव्या क्रमांकावर आली आणि प्लेऑफलाही मुकली. शादलूई लिलावात २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला होता, आणि कर्णधार अस्लम जायबंदी झाला. एकाच हंगामात बाहेरून आणलेला कोपरा गेला आणि घरच्या गाभ्याचा मध्यबिंदूही गेला. दोन्हींपैकी एक धक्का कदाचित पचला असता.

हरियाणाने मात्र पलटणचाच धडा गिरवला. दहाव्या हंगामात अंतिम सामना हरल्यावर प्रशिक्षक मनप्रीत सिंग यांच्या संघाने जयदीप दहिया, राहुल सेठपाल, विनय हा तरुण गाभा जपला आणि त्यावर शादलूईला बसवले. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातच पाटण्याला ३२-२३ हरवून हरियाणा प्रथमच विजेता झाला. बाराव्या हंगामासाठी गुजरात जायंट्सने शादलूईला २ कोटी २३ लाखांना घेतले. आधीचा गाभा तेवढा भक्कम नसलेला हा संघ पहिल्या आठांतही आला नाही. एकाच खेळाडूवर तीन संघांनी तीन वर्षे दोन कोटींहून अधिक रक्कम लावली. दोन विजेते झाले, एक प्लेऑफच्या आसपासही फिरकला नाही.

यू मुम्बा अकराव्या हंगामात परतली. बचावपटू सुनील कुमारसाठी तिने १ कोटी १ लाख ५० हजार दिले आणि कोल्हापूरच्या अजित चव्हाणसारख्या नव्या चढाईपटूंना मैदान दिले. महागडा बचाव, तरुण चढाई. २०१८ चेच सूत्र. संघ पाचवा आला आणि बाद फेरीत पाटण्याकडून हरला. सुनीलला पुढच्या हंगामातही ठेवले गेले, हा आधीच्या वर्षांपेक्षा वेगळा भाग. पलटणने बाराव्या हंगामात अजय ठाकूरच्या मार्गदर्शनाखाली पंकज मोहिते, गौरव खत्री, आदित्य शिंदे या घरच्या मुलांसह पुन्हा अंतिम सामना गाठला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हार पत्करली.

गावच्या मैदानातून या हिशेबात

स्वस्त तरुण खेळाडू हा सगळ्या गणिताचा कणा असेल, तर तो येतो कुठून हे पाहणे भाग आहे. वाट ठरलेली आहे: शाळा किंवा गावच्या मंडळाचा संघ, जिल्हा संघटनेची निवड चाचणी, जिल्ह्याकडून राज्य अजिंक्यपद स्पर्धा, तिथून महाराष्ट्राचा कुमार गटाचा संघ आणि राष्ट्रीय स्पर्धा. संघांचे निवडकर्ते राज्य आणि राष्ट्रीय कुमार स्पर्धांवर डोळा ठेवून असतात, शिवाय स्वतःच्या चाचण्याही घेतात. अस्लम इनामदार हा अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे बीडमधल्या आष्टी आणि पाटोदा तालुक्यांच्या थेट शेजारचा.

बीडसारख्या जिल्ह्यातल्या मुलाला या वाटेवर जी अडचण येते ती बरीचशी मैदानाची. गेवराई किंवा माजलगावच्या यात्रेतल्या स्पर्धा मातीवर होतात. लीग मॅटवर, बूट घालून. मातीवर पाय थोडा घसरतो आणि पकडीला जोर जास्त लागतो. मॅटवर पाय चिकटतो, वळण झपकन घेता येते, म्हणून खेळ वेगाचा होतो आणि गुडघ्यावर ताणही वाढतो. मातीवर तयार झालेल्या चढाईपटूला मॅटवर पावलांची चाल नव्याने बसवावी लागते. संघ नवोदितांना हंगामाआधी बराच काळ शिबिरात ठेवतात त्यामागे हे मोठे कारण आहे.

आणि निवड झाल्यावरही कोणत्या संघाकडे जायचे याला महत्त्व उरतेच. नवोदिताचे मानधन सगळीकडे जवळपास सारखे असते. फरक पडतो तो मैदानावर मिळणाऱ्या मिनिटांत. ज्या संघाने चढाईवर दोन कोटी खर्च केले आहेत तिथे नवा चढाईपटू बहुधा बाकावर हंगाम काढतो. ज्याने पैसा कोपऱ्यावर लावला आहे, तिथे त्याच्या वाट्याला पहिल्याच वर्षी तिसरी चढाई येण्याची शक्यता अधिक असते.